गटाबरोबर की आपलं आपण? प्रवासाबद्दलच्या तुमच्या प्रश्नांची उत्तरं

चतुर्थी आटोपली की गोव्यातल्या घराघरांत दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीची आखणी सुरू होते. या अंकासाठी प्रवासाबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांची अडचण एकच होती, टूर कंपनीबरोबर जावं की स्वतःच सगळं जमवावं. त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, बँकेत नोकरीला आहे. पुण्याच्या एका कंपनीची राजस्थानची ७ दिवसांची सहल माणशी ४२ हजार रुपयांना आहे. मी एकटा असल्यामुळे खोलीसाठी आणखी १४ हजार मागतात. मित्र म्हणतात, एकटा गेलास तर अर्ध्यात होईल. ऑफिसातले म्हणतात, एकट्याला सगळंच महाग पडतं. कोणाचं खरं? (डिचोली)

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं, कारण हिशोब ठिकाणाप्रमाणे बदलतो. खर्चाचे दोन भाग करून बघा. पहिला भाग डोई मोजला जातो : रेल्वेचं, बसचं, विमानाचं तिकीट, किल्ल्या-महालांचा प्रवेश, जेवण. एकटे जा नाहीतर चाळीस जणांत जा, हा खर्च तेवढाच राहतो. दुसरा भाग वाटून जातो : खोली, टॅक्सी, गाईड. एकट्याच्या खिशाला चाट बसते ती या दुसऱ्या भागात.

म्हणून ज्या प्रदेशात रेल्वे आणि साध्या बसने फिरता येतं, तिथे एकटं जाणं स्वस्त पडतं. राजस्थान त्यातलाच. जयपूर, जोधपूर आणि जैसलमेर रेल्वेने जोडलेली आहेत. जोधपूरहून उदयपूरला बस सोयीची, अंतर सुमारे २५० किलोमीटर. शहरात रिक्षा मिळते आणि खोल्या सगळ्या दरांच्या आहेत. याउलट लडाख, स्पिती किंवा कच्छच्या रणात सार्वजनिक वाहनं इतकी तुरळक आहेत की दिवसाच्या बोलीने गाडी करावीच लागते, आणि तिचं भाडं गाडीत एक माणूस असो की सहा, सारखंच. तिथे गट स्वस्त पडतो. उत्तर सिक्कीमला तर भारतीय पर्यटकालाही परवाना लागतो आणि तो नोंदणीकृत एजंटामार्फतच निघतो, त्यामुळे तिथे कुठला तरी गट धरणं भागच आहे. पण तो गट पुण्याहून धरायची गरज नाही. गंगटोकला आपलं आपण जायचं आणि तिथल्या शेअर जीपमध्ये एक सीट घ्यायची. गंगटोकहून जायची नथुला खिंड सोमवारी आणि मंगळवारी बंद असते, तेवढं मात्र आखणीत आधीच बघून ठेवा.

आता तुमच्या ५६ हजारांकडे येऊ. गोव्यातल्या माणसाने या आकड्यात आणखी चार गोष्टी मिळवायला हव्यात. डिचोलीहून पुण्याला जाण्यायेण्याचं भाडं. निघायच्या आदल्या रात्रीची पुण्यातली खोली. जीएसटी, जो पॅकेजवर साधारणपणे ५ टक्के असतो आणि जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात धरलेला असेलच असं नाही. आणि पत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत 'समाविष्ट नाही' म्हणून लिहिलेलं सगळं : दुपारचं जेवण, जैसलमेरची उंटसवारी, टिप. 'आदली रात्र वगळा, मी पोचतो वेळेवर' असं करू नका. रात्रीची बस चोर्ला घाटात किंवा साताऱ्याजवळ अडकली की गट थांबत नाही, आणि पुढे स्वखर्चाने गटाला गाठावं लागतं.

त्यापेक्षा कंपनीला 'जॉइनिंग-लीव्हिंग'चा दर विचारा. म्हणजे तुम्ही थेट जयपूरला गटाला मिळायचं आणि शेवटच्या शहरातून परत फिरायचं. बहुतेक मोठ्या कंपन्या हा दर देतात, फक्त आपणहून सांगत नाहीत. विमानाने जाणार असाल तर तिकिटावर विमानतळ कोणता लिहिला आहे ते नीट बघा. जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. जाताना मोपा आणि येताना दाभोळी असं तिकीट घेतलं गेलं, तर मोपाला उभी केलेली मोटरसायकल आणायला अर्धा दिवस जातो. डिचोलीकराला मोपाच बरं.

तुमचं वय, ठिकाण आणि रक्कम पाहता आमचा सल्ला स्पष्ट आहे : राजस्थानला एकटे जा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच शहरं जोडणारी तिकिटं काढून टाका. हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच घ्या. गाईडचा खर्च वाटून घ्यायला कोणी नसेल, पण जोधपूरच्या मेहरानगडावर ऑडिओ गाईड मिळतो आणि तो उत्तम आहे. वाचलेले पैसे लडाखच्या गटासाठी बाजूला ठेवा.

प्रश्न : मी २२ वर्षांची विद्यार्थिनी. पहिल्यांदाच एकटीने कुठेतरी जायचं आहे, मनात हंपी आहे. आई-बाबा म्हणतात, त्यापेक्षा हंपी-बदामीच्या तीन दिवसांच्या बससहलीला जा. कार्यक्रमपत्रिका सोबत पाठवते. त्यांना कसं समजावू? (मडगाव)

उत्तर : समजावण्याआधी पाठवलेली पत्रिका आई-बाबांसोबत बसून वाचा. दुसऱ्या दिवसाची ओळ अशी आहे : 'न्याहारीनंतर होसपेटेहून बदामी, पट्टदकल, ऐहोळे पाहून रात्री होसपेटे मुक्कामी.' वाचायला भरगच्च वाटतं. आता कागदावर मांडू. होसपेटे ते बदामी सुमारे १५० किलोमीटर. बदामी ते पट्टदकल २२, तिथून ऐहोळे आणखी १४ च्या आसपास, आणि मग परत होसपेटे. सगळं मिळून ३०० किलोमीटरच्या वर. त्या रस्त्यांवर मोठ्या बसला निदान ८ तास लागतात. सकाळी साडेआठला निघून रात्री साडेआठला परत, म्हणजे हाताशी १२ तास. त्यातून प्रवासाचे ८ आणि जेवणाचा १ वजा करा. चाळीस माणसं बसमधून उतरून मोजून पुन्हा चढायला दर वेळी पंधरा मिनिटं घेतात, आणि अशा चढउतारी पाच-सहा तरी होतात. उरतो जेमतेम दीड तास, तोही तीन ठिकाणांत वाटून. बदामीची चारही लेणी पायऱ्या चढून आहेत. इ. स. ५७८ चा शिलालेख असलेलं तिसरं लेणं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत देखणं, त्याच्या एका ओसरीला अर्धा तास पुरत नाही. शिवाय पुरातत्त्व खात्याची ठिकाणं संध्याकाळी बंद होतात. यातली एक जागा बसच्या खिडकीतूनच बघावी लागणार, हे उघड आहे.

कोणत्याही सहलीची पत्रिका अशीच वाचावी. किलोमीटर मांडा, तास काढा, उरलेला वेळ ठिकाणांनी भागा. गटाबरोबर जाताना पैशांपेक्षा जास्त किंमत वेळेत मोजावी लागते आणि ती जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते.

हंपी हे पहिल्या एकट्या प्रवासासाठी चांगलं ठिकाण आहे, याला आमचा पूर्ण दुजोरा. मडगावहून थेट गाडी आहे, वास्कोहून सुटणारी अमरावती एक्स्प्रेस. ती रोज नसते, आठवड्यातले ठरावीक दिवसच असते, म्हणून आधी गाडीचा दिवस आणि मग सुट्टी ठरवा. सकाळी इथून निघते, दुपारनंतर होसपेटेला उतरवते. उजेडात पोचणं हा एकट्या प्रवासाचा पहिला नियम आहे आणि ही गाडी तो आपोआप पाळते. पावसाळ्यात जाऊ नका. कुळे ते कॅसलरॉकच्या घाटात दरड कोसळली की गाड्या रद्द होतात किंवा दुसऱ्या मार्गाने वळवतात. शिवाय तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की हंपीतली नदीकाठची पायवाट आणि पुरंदर मंडप पाण्याखाली जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे.

स्लीपर डब्यात स्त्रियांसाठी सहा बर्थ राखीव असतात, एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीला त्यातून तिकीट काढता येतं. आरक्षण करताना कोट्याच्या जागी 'लेडीज' निवडा. पहिला मुक्काम होसपेटेतच, स्टेशन किंवा बसस्टँडजवळ. खोली ऑनलाइन घेतली तरी हॉटेलला स्वतः फोन करून 'मी एकटी येणार आहे, इतक्या वाजता पोचेन' असं सांगा. काही लॉजवाले एकट्या मुलीला खोली द्यायला दारात कुरकुर करतात, ती कुरकुर फोनवरच कळलेली बरी. आधार कार्ड मूळ जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बसने हंपी, अंतर १३ किलोमीटर, अर्धा तास. आधी विरूपाक्ष मंदिर, मग हेमकूट टेकडी, आणि ऊन चढायच्या आत नदीकाठाने चालत विठ्ठल मंदिर. ही वाट दोनेक किलोमीटरची आहे आणि सकाळी तिच्यावर माणसांची ये-जा असते. तिथला दगडी रथ पाहून झाला की मंदिराचं तिकीट फेकू नका. त्याच दिवशी कमल महालाच्या आवारात तेच तिकीट चालतं. दुपारी बारा ते तीन सावलीत काढा, तिथले दगड तापले की चालवत नाही. तिसरा दिवस हजारराम मंदिर, महानवमी डिब्बा, राणीचं स्नानगृह या भागासाठी. ही ठिकाणं लांब लांब पसरलेली आहेत, सायकल किंवा दिवसाच्या बोलीची रिक्षा घ्या. रिक्षाचे पैसे ठरवताना ठिकाणांची यादी वाचून दाखवा. नुसतं 'पूर्ण हंपी' म्हटलं की निम्मी ठिकाणं गळतात.

मातंग टेकडीवरचा सूर्योदय प्रसिद्ध आहे. तिथे अंधारात एकटीने चढू नका. हॉटेलातले आणखी दोघे-तिघे निघत असतील तर त्यांच्यासोबत जा, नाहीतर सोडून द्या. निर्मनुष्य खडकाळ भागाला हाच नियम लावा, दिवसाही.

बदामी या फेरीत जोडू नका. जोडायचीच असेल तर आणखी दोन रात्री हव्यात. गदगला गाडी बदलून बदामी, स्टेशनपासून गाव ५ किलोमीटर, पट्टदकलला तिथूनच बस. परत येताना हुबळीहून गोव्याच्या बस मिळतात.

आई-बाबांसाठी चार गोष्टी लिहून द्या : गाडीचा पीएनआर, हॉटेलचं नाव आणि फोन, कोणत्या दिवशी कुठे, आणि फोन करण्याच्या दोन ठरलेल्या वेळा. सतत लोकेशन पाठवण्यापेक्षा सकाळी नऊ आणि रात्री आठ या दोन वेळा पाळणं जास्त उपयोगाचं. खडकांमध्ये रेंज जाते आणि तुटलेल्या लोकेशनने घरी उगाच धास्ती बसते. गाडीत काही त्रास झाला तर १३९, इतरत्र ११२.

प्रश्न : वय ६३, शिक्षिका म्हणून निवृत्त. काशी-प्रयाग-अयोध्येला जायची फार इच्छा आहे. एकटीने जायचा धीर होत नाही आणि गटात अनोळखी बाईसोबत एका खोलीत राहायची कल्पना सहन होत नाही. वेगळ्या खोलीचे पैसे परवडत नाहीत. (फोंडा)

उत्तर : बाई, या सहलीला तुम्ही गटाबरोबरच जावं. तिन्ही ठिकाणी गर्दी प्रचंड असते, चालणं खूप पडतं आणि दर्शनाच्या रांगेची व्यवस्था वेळोवेळी बदलते. सोबत कोणीतरी जाणतं असलेलं बरं.

खोलीचा प्रश्न पैसे भरण्याआधी सुटतो, नंतर नाही. बुकिंग करताना कंपनीला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. खोलीतली जोडीदार कधी कळवणार? तिच्याशी आधी फोनवर बोलता येईल का? आणि जोडीदार मिळालीच नाही तर एकटीच्या खोलीचा फरक कोण भरणार? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. काही कंपन्या स्वतः भरतात, काही निघायच्या आठवडाभर आधी तुमच्याकडे मागतात. जोडीदाराचा फोन मिळाला की संकोच न करता विचारून घ्या : पहाटे किती वाजता उठता, एसी लागतो का, घोरता का, रात्री टीव्ही लावता का. 'ट्रिपल शेअरिंग' मात्र स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तिसरी खाट म्हणजे बहुतेक वेळा जमिनीवर घातलेली गादी असते, आणि साठीनंतर पहाटे तिच्यावरून उठताना गुडघे बोलतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे ओळखीची एखादी बाई गाठून दोघींनी मिळून गटात नाव घालायचं. भजनी मंडळात, देवळाच्या उत्सवात, जुन्या सहकाऱ्यांत शब्द टाका. एकटीचा धीर न होणाऱ्या बाया फोंड्यात तुमच्याशिवायही आहेत.

रेल्वेने जाणारा गट असेल तर बर्थचं बघा. ४५ वर्षांवरील स्त्रियांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच. कंपन्या सहा-सहा जणांचं एक तिकीट काढतात, त्यात हा कोटा लागत नाही आणि मग पंचाहत्तरीच्या बाईंना वरचा बर्थ येतो. 'आम्हा दोघींचं तिकीट वेगळं काढा' असं सांगा. काढून देतात.

काशीत बस मंदिरापर्यंत जात नाही. गोदौलियाच्या अलीकडेच उतरून चालावं लागतं. विश्वनाथाच्या मंदिरात मोबाईल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे गर्दीत गटापासून चुकलात तर फोन हाताशी नसणार. टूर मॅनेजरचा नंबर आणि हॉटेलचं नाव कागदावर लिहून बटव्यात ठेवा, आणि भेटायची एक जागा आधीच ठरवून घ्या.

प्रश्न : आई ६८, बाबा ७२. बाबांना रक्तदाब आहे. दोघांना केदारनाथ-बद्रीनाथला न्यायचं आहे. गट बरा की स्वतःची गाडी करून जाणं? (वास्को)

उत्तर : इथे आमचं मत गटाच्या विरुद्ध आहे, आणि कारण उंचीचं आहे. तुम्ही समुद्रसपाटीवर राहणारी माणसं. ऋषिकेश साडेतीनशे मीटरच्या आसपास, गौरीकुंड सुमारे १,९८० मीटर, केदारनाथ ३,५८३ मीटर. गौरीकुंडहून मंदिरापर्यंत १६ किलोमीटरची चढण एका दिवसात केली, तर शरीर काही तासांत दीड हजार मीटरहून जास्त वर जातं. विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि गटाच्या वेळापत्रकात नेमका तोच नसतो. चाळीस जणांची हॉटेलं ठरलेली असतात. बाबांना एक दिवस थांबावंसं वाटलं तर गट पुढे जातो आणि तुम्ही मागे राहता, पैसे भरलेले असूनही.

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून तिथलाच, डोंगरी रस्त्यांची सवय असलेला ड्रायव्हर आणि गाडी घ्या. वास्कोचं आणखी एखादं कुटुंब जोडलं तर भाडं निम्मं होईल. कार्यक्रमात दोन दिवस रिकामे ठेवा, त्यांचा पावसाला, दरडीला किंवा थकव्याला उपयोग होतो. डोंगरात रात्री गाड्या चालवायला बंदी असते, त्यामुळे 'आज उशिरापर्यंत गाठू' हे तिथे चालत नाही. जाण्यासाठी गोवा एक्स्प्रेस वास्कोहूनच सुटते हा तुमचा फायदा. पहिल्या स्टेशनवरून काढलेलं वेटिंग तिकीट मधल्या स्टेशनवरून काढलेल्यापेक्षा पक्कं व्हायची शक्यता जास्त असते. निजामुद्दीनला उतरून पुढे हरिद्वार.

यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर ती करूनच निघा. गौरीकुंडच्या आधी सोनप्रयागला स्वतःची गाडी सोडावी लागते, पुढचे पाच किलोमीटर तिथल्या जीपने. हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतात, आणि आधी यात्रेची नोंदणी लागते. व्हॉट्सॲपवर 'खात्रीचं तिकीट' देणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका, या नावाखाली फसवणूक फार चालते. हेलिकॉप्टरने पाय वाचतात, पण शरीराला सवय व्हायला उलट आणखी कमी वेळ मिळतो. म्हणून दर्शन करून त्याच दिवशी खाली यायचं ठेवा, वर मुक्काम नको.

निघायच्या महिनाभर आधी बाबांना डॉक्टरांकडे न्या, ईसीजी करून घ्या, रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट बांधून घ्या आणि त्यातल्या अर्ध्या दुसऱ्या बॅगेत ठेवा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, हे डॉक्टरच ठरवतील. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना आठवणीने सांगा. वर डोकं दुखणं, मळमळ, चक्कर सुरू झाली तर पुढे चढू नका. बसल्याजागी धाप लागत असेल तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी मदत मागून उतरा. ऑक्सिजनचा छोटा डबा तेवढ्यापुरता आधार देतो, तो घेऊन वर थांबणं धोक्याचं. बद्रीनाथला गाडी मंदिराजवळ जाते, तिथे त्रास कमी. केदार शक्य नाही असं डॉक्टर म्हणाले तर नुसत्या बद्रीनाथाचं दर्शन करून या, त्यात कमीपणा काहीच नाही.

जुलै-ऑगस्ट टाळा. सप्टेंबरच्या अखेरीपासून भाऊबीजेला केदारनाथाचे दरवाजे बंद होईपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात चांगला, फक्त थंडीची तयारी हवी.

प्रश्न : गावातल्या एका टूरवाल्याकडे दोघांचे २० हजार आगाऊ भरले. पुरेशी माणसं मिळाली नाहीत म्हणून त्याने सहल रद्द केली. आता पैसे परत न देता 'पुढच्या सहलीत वळते करू' म्हणतो. (पेडणे)

उत्तर : सहल त्याने रद्द केली आहे, तुम्ही नाही. पुढच्या सहलीला जायचं बंधन तुमच्यावर नाही. पावती, ऑनलाइन पैसे पाठवल्याची नोंद, पत्रक आणि 'सहल रद्द' असा त्याचा निरोप एकत्र करा. निरोप तोंडी असेल तर व्हॉट्सॲपवर 'तुम्ही अमुक तारखेला सहल रद्द केल्याचं सांगितलंत, पैसे कधी परत देता?' असं लिहून उत्तर मिळवा. मग पंधरा दिवसांची मुदत देणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा.

तरी हलला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली टूरवाल्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्याची नोंदणी आहे का ते तपासा आणि खात्यालाही लेखी कळवा. शेवटचा मार्ग उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, पण तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.

यापुढे आगाऊ रक्कम भरताना पावतीवर दोन ओळी लिहून घ्या : किमान किती माणसं जमली नाहीत तर सहल रद्द होईल, आणि तसं झालं तर किती दिवसांत पूर्ण पैसे परत. या दोन ओळी लिहून द्यायला जो कां कू करतो त्याच्याकडे पैसे भरू नका.

प्रश्न : आम्ही दोघं, वय साठीच्या आतबाहेर, पहिल्यांदाच युरोपला जाणार आहोत. मुलगा म्हणतो तुमचं तुम्ही जा, ट्रेनने फिरा. शेजारी म्हणतात गटच बरा. (म्हापसा)

उत्तर : तुम्ही दोघं असल्यामुळे खोलीचा भार वाटला जातो, म्हणजे एकट्या माणसाची मुख्य अडचण तुम्हांला नाही. प्रश्न उरतो श्रमांचा. तिथे सामान स्वतः उचलावं लागतं, छोट्या स्टेशनांवर सगळीकडे लिफ्ट नसते. आठ-दहा किलोची बॅग दोन जिने चढवता येत असेल तर मुलाचं ऐका, देशही दोनच ठेवा. पॅरिसहून झुरिकला थेट ट्रेन चार तासांत पोचते, अशी एखादी जोडी निवडा. पाच देश दहा दिवसांत बघायचेच असतील तर मात्र गटाबरोबर जा, तो वेग स्वतः जमवणं झेपणार नाही.

दोन्हींचा मेळही घालता येतो. गटाबरोबर जायचं आणि सहल संपल्यावर शेवटच्या शहरात चार दिवस आपले आपण राहायचं. कंपन्या याला 'डेव्हिएशन' म्हणतात. परतीचं तिकीट गटाच्या तिकिटांत अडकण्याआधी, म्हणजे बुकिंगच्या वेळीच हे सांगावं लागतं. नंतर बदल होत नाही किंवा नवं तिकीट घ्यावं लागतं. व्हिसा आणि विमा त्या जादा दिवसांसकट काढा. हे विसरलं तर विमा गटाच्या शेवटच्या तारखेला संपतो आणि तुम्ही तिथेच असता.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. शुल्क प्रौढांना ९० युरो. जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, गट असला तरी कंपनी तुमच्या वतीने ते करू शकत नाही. त्यासाठीच्या खेपेचा खर्चही धरून ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, आणि मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार त्यात लिहिल्याशिवाय सही करू नका. न लिहिलेल्या आजाराचा दावा नाकारतात.

पैशांचं एक राहिलं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी टीसीएस, म्हणजे सरकारसाठी गोळा केलेला आयकर, वेगळा घेते. त्याचा दर अर्थसंकल्पांत बदलत आला आहे, म्हणून पैसे भरायच्या दिवशीचा विचारा. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. निवृत्तीनंतर विवरणपत्र भरणं सोडलं असेल तर त्या वर्षी नक्की भरा. विमान आणि हॉटेल वेगवेगळ्या ठिकाणी स्वतः घेतलंत तर ते पॅकेज धरलं जात नाही आणि पॅकेजवरचा हा टीसीएस लागत नाही. मुलाच्या आणि शेजाऱ्यांच्या आकड्यांची तुलना करताना ही रक्कम बाजूला काढूनच करा.